चिमूट

मल्हारगंजात आमची गिरणी.
गिऱ्हाईक चक्की म्हणतं, घरात आम्ही गिरणीच म्हणतो.
सकाळी आठला पट्टा चढवला
की दुपारपर्यंत माझ्या भुवया पांढऱ्या.
बावन्नाव्या वर्षी त्या खरोखरच पिकल्या,
तर महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

केतकी नववीत, वजन सहावीतलं.
जंत असतील म्हणाले, मग परीक्षेची भीती म्हणाले,
मग एका डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं,
नळी घालून आत बघितलं,
आणि चष्मा पुसत विचारलं,
"बाबा काय करतात?"

शरबती, लोकवन, बाफल्यांसाठी जाडसर,
दाणा दाताखाली फोडून
त्याचं शिवार सांगणारा मी.
दाणा पोरीच्या आत काय करतो
ते मला एका गुलाबी कागदावरून कळलं.

घरात दुसरा तवा आला, दुसरं पोळपाट,
दांड्याला निळा दोरा बांधलेला झारा.
मी अंघोळ केल्याशिवाय
स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही.
कपडे जिन्याखाली, चपला त्याच्याही खाली.

बाहेर मी लाज सोडून विचारत सुटलो.
सेववाला म्हणाला, "भिया, बेसन की है, शुद्ध."
कढईत आधी काय तळलं होतं?
सराफ्यात रात्री साडेदहाला
गराडू चालेल, पण तेल कचोरीचं.
भुट्ट्याचा कीस चालेल, पण हिंग कुठला?
त्यानं उलथनं थांबवून पाहिलं,
जणू मी त्याची जात विचारली होती.
रविवारी पोहे आणले. जिलबी नाही.
ती म्हणाली, "तुम्ही खा की."
मी म्हटलं, मला कुठे आवडते.
आयुष्यात इतकं उघडं खोटं
मी वजनकाट्यावरही बोललो नाही.

आणि तरीही पोट दुखत राहिलं.
एक महिना, दोन, अडीच.

तेव्हा मी तिला विचारलं, आवाज चढवून,
कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?
बिस्किट? समोसा? खरं सांग.
ती काहीच बोलली नाही.
ताटातलं वरण संपवलं, ताट घासलं,
निळ्या दोऱ्याच्या झाऱ्याशेजारी पालथं घातलं.

रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा दिसला.
ओट्यावर सगळे डबे मांडलेले,
आणि ती भिंगातून वाचत होती,
पाठ करायला दिल्यासारखं, ओठ हलवत.
मसाले झाले. पापड झाले. मग पिवळी डबी,
अंगठ्याएवढी, तिच्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी:
खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ,
आणि त्यानंतर हिंग.

रोजच्या वरणात, ताकात, कढीत.
पोट दुखलं की दुप्पट,
कारण हिंग पोटाला चांगला.
पाण्यात कालवून बेंबीभोवती मीच लावायचो,
झोप लागेपर्यंत बसून राहायचो.
वाटायचं, उतरतंय.

तिनं डबी माझ्यापुढे सरकवली.
"बाबा, चिमूटभरच असतं," एवढंच म्हणाली.
माझी बाजू घेत होती की काय,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या बुधवारी शाळा सुटल्यावर
ती गिरणीसमोर आली, रस्त्याच्या पलीकडे थांबली.
आता ती तिथेच थांबते.
हातात नवा रिपोर्ट. हलवून दाखवला
आणि एक रिक्षा जाऊ देऊन धावतच निघाली.
मी दोन्ही पंजे वर केले. थांब.
पट्टा उतरवला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले,
तोंड धुतलं, कान धुतले.
तोवर तिचं धावणं निवून गेलं होतं.
दुभाजकाशी उभी राहून म्हणाली, "वाचता?"

चष्म्याच्या काचांवर पीठ, पुसायला अंगावर कोरडं काही नाही.
"तूच वाच," मी ओरडलो.
तिनं वाचलं. ट्रकच्या आवाजात
आकडा मला नीट ऐकू आला नाही.
पुन्हा विचारला. तिनं पुन्हा वाचला, मोठ्यानं,
गहू घेऊन आलेली दोन माणसं
पोती खांद्यावर तशीच ठेवून
ऐकत उभी होती.